दोघांची कयाक आणि हिमनद्यांची खाडी: पुण्यातून ग्लेशियर बेची तयारी

अलास्काच्या आग्नेय भागातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात रस्ता प्रवेशद्वारापाशीच संपतो आणि पुढचा सगळा प्रवास पाण्यावरून करावा लागतो. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी येथे आला, तेव्हा आजच्या खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोहोचला तोवर ते बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे हटलेले होते. ही भूमी हूना ट्लिंगिट या आदिवासी लोकांची पिढीजात मायभूमी आहे. उद्यानाचे मुख्यालय असलेल्या बार्टलेट कोव्ह येथे 2016 मध्ये उभे राहिलेले त्यांचे लाकडी सभागृह पाण्यात उतरण्यापूर्वी अवश्य पाहावे, म्हणजे आपण कोणाच्या घरात पाहुणे आहोत याचे भान राहते.

सह्याद्रीत पाठीवर ओझे घेऊन हिंडलेल्या, पोहता येणाऱ्या आणि वर्षभर तयारी करण्याची चिकाटी असलेल्या जोडप्यांसाठी हा लेख आहे. मार्गदर्शक नसताना दोनच माणसे आणि एकच कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, वरून झाकलेली नाव) असेल, तर दिवसाचे वेळापत्रक घड्याळ नव्हे तर भरती-ओहोटी ठरवते, आणि पुढे जायचे की थांबायचे याचा शेवटचा शब्द दोघांपैकी ज्याला अधिक भीती वाटते त्याचा असतो. ही दोन सूत्रे पुण्यात असतानाच एकमेकांना मान्य नसतील, तर मार्गदर्शकासह जाणाऱ्या गटात सामील होणे अधिक शहाणपणाचे आहे.

तारखा, व्हिसा आणि विमा

हंगाम मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. माझी पसंती जूनला आहे, कारण मे आणि जून तुलनेने कोरडे असतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर सर्वाधिक असतो. जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे अठरा तासांचा असतो, त्यामुळे भरतीची वेळ पहाटे चारला आली तरी कयाक पाण्यात ढकलता येते. उन्हाळ्यातही दुपारचे तापमान साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअस असते आणि सलग तीन-चार दिवस रिमझिम राहणे नेहमीचे आहे.

अमेरिकेच्या व्हिसासाठी पुणेकरांना मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जावे लागते आणि तारीख मिळायला अनेक महिने लागू शकतात, म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारे कोणतेही पैसे भरू नयेत. प्रवास विमा घेताना त्यात समुद्री कयाकिंग आणि दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत आहेत का, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरात पाहावे; एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. बहुतेक सर्वसाधारण पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

पुण्याच्या परिसरातील सराव

मुळशी, पानशेत किंवा पवना या जलाशयांवर जेथे परवानगी घेऊन कयाक चालवता येते, तेथे ऑक्टोबर ते मे या काळात सराव करावा. पावसाळ्यात धरणातून केव्हाही पाणी सोडले जाते, त्यामुळे त्या काळात नदीत उतरू नये; पावसाळा मात्र तंबूसाठी वापरावा. ताम्हिणीच्या बाजूला धो-धो पावसात, अंधारात, एकमेकांशी न बोलता तंबू उभारता येऊ लागला म्हणजे त्या एका कामाची तयारी झाली.

दोघांनी दोन आसनांचीच कयाक घ्यावी, असे माझे मत आहे. ती एकट्याच्या कयाकपेक्षा स्थिर असते आणि वाऱ्यात दोघांची ताटातूट होण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे बसणाऱ्याने लय धरायची असते आणि मागे बसणाऱ्याने ती लय पाळत पायाने सुकाणू सांभाळायचे असते. मागच्याला पुढची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही, म्हणून थकवा, थंडी किंवा भीती मोठ्याने बोलून सांगण्याची सवय सरावातच लावून घ्यावी. सामान भरलेली कयाक ताशी चार-पाच किलोमीटर जाते खरी, परंतु विश्रांती, वारा आणि निसर्ग पाहण्याचा वेळ धरून ताशी तीन किलोमीटरचाच हिशेब करावा आणि दिवसाचा टप्पा दहा ते पंधरा किलोमीटरच्या पुढे नेऊ नये.

जलाशयात भरती-ओहोटी नसते. तिच्यासाठी किमान एकदा कोकणात जाऊन मुरूड, रेवदंडा किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सबंध दिवस बसून पाणी कसे चढते आणि उतरते ते पाहावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा कोकणातला जुना आडाखा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, त्या किनाऱ्यासाठी उपयोगी आहे. अलास्कात तो चालत नाही, परंतु अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती हे चक्र तेथेही तसेच असते, त्यामुळे कालनिर्णय पाहून मुक्कामाचे कोणते दिवस उधाणाचे आहेत हे आधीच कळते.

उलटलेल्या कयाकमध्ये परत चढणे

सर्वाधिक सराव या गोष्टीचा व्हायला हवा, कारण मदतीला दुसरी कयाक नसणार आहे. उलटल्यावर प्रथम स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून आसनाचे तोंड झाकणाऱ्या आवरणाची) पुढची दोरी ओढून बाहेर यायचे, एका हाताने कयाक आणि दुसऱ्या हाताने वल्हे धरून ठेवायचे आणि जोडीदाराचे नाव घेऊन हाक मारायची. उत्तर आले की दोघांनी एकाच बाजूला येऊन कयाक सरळ करायची. त्यानंतर एकाने पलीकडच्या बाजूला जाऊन आसनाच्या कडेला लोंबकळत वजन द्यायचे आणि दुसऱ्याने मागच्या बाजूने पालथे पडून, पाय मागे झाडत, पोटावर सरकत वर यायचे. वर येताना छाती कयाकला चिकटलेली राहिली पाहिजे. गुडघ्यावर उठण्याचा मोह झाला की कयाक पुन्हा उलटते. पहिला आत बसला की त्याने वल्हे पाण्यावर आडवे दाबून आधार धरायचा आणि मगच दुसऱ्याने चढायचे. शेवटी एकाने हातपंपाने पाणी उपसायचे आणि दुसऱ्याने कयाकचा तोल सांभाळायचा.

दोघांपैकी कोणीही आधी चढले तरी हे जमले पाहिजे. जो अधिक ताकदवान आहे तोच नेहमी आधी चढतो असा सराव केला, तर नेमका तोच गारठलेला असताना दुसऱ्याला काहीच सुचणार नाही.

मुळशीचे पाणी आणि ग्लेशियर बेचे पाणी यांत मोठा फरक आहे. तेथे हिमनद्यांजवळ पाणी गोठणबिंदूच्या थोडेच वर असते. अशा पाण्यात पडल्यावर साधारण पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते, त्यानंतरची दहाएक मिनिटे हातपाय कामाचे राहतात आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे जे करायचे ते त्या दहा मिनिटांत करायचे असते. घरी याची कल्पना येण्यासाठी बादलीत बर्फ घालून त्यात दोन्ही हात काही मिनिटे बुडवावेत आणि लगेच लाइफ जॅकेटचे बक्कल लावून पाहावे. बोटे ऐकत नाहीत हे एकदा अनुभवले की ड्राय सूटच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या पूर्ण पोशाखाच्या) भाड्याचे पैसे वाचवण्याचा विचार मनातून आपोआप जातो. ड्राय सूटच्या आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालावेत. सुती बनियनसुद्धा चालत नाही. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगावरून काढायचे नाही.

शिधा

आपला कोरडा शिधा या प्रवासाला फार चांगला आहे. मेतकूट, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण आणि ताकाऐवजी आमसुलाची पूड घालून केलेले सार, एवढ्यावर थंडीत पोट आणि मन दोन्ही शांत राहतात. भारतातून तांदूळ आणि हरभरे मात्र नेता येत नाहीत, कारण धान्यातील खपरा किडीमुळे अमेरिकेने प्रवाशांच्या सामानातून ते आणण्यास बंदी केलेली आहे. मांस आणि ताजी फळेही नेऊ नयेत. उरलेले सर्व खाद्यपदार्थ छापील लेबल असलेल्या सीलबंद पाकिटात न्यावेत, सीमाशुल्क तपासणीत जाहीर करावेत आणि अधिकाऱ्याने एखादी वस्तू काढून घेतली तर वाद घालू नये. तांदूळ, ओट्स आणि स्निग्ध पदार्थ वाटेत लागणाऱ्या सिअॅटल किंवा जूनो या शहरांत विकत घेता येतात.

सगळे खाद्यपदार्थ, टूथपेस्ट, साबण, क्रीम आणि कचरासुद्धा अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यांत मावला पाहिजे. हे डबे उद्यानाकडून वापरायला मिळतात. पदार्थ मूळ खोक्यांतून काढून, हवा दाबून काढलेल्या पिशव्यांत, दिवसवार बांधून भरावेत. शेवटच्या दिवसाचे तळाशी आणि आजचे वर असा क्रम ठेवला की पावसात डबा उपसावा लागत नाही. दोन दिवसांचा जादा शिधा वेगळ्या पिशवीत असावा, कारण वाऱ्यामुळे एका जागी अडकून पडणे हे येथे अपवादाने नव्हे तर नेहमी घडते.

पुण्यातून काय नेऊ नये

उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे आणि उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर अशा यंत्रांमुळे प्रवासी अडचणीत आलेले आहेत. म्हणून हे यंत्र अमेरिकेतच भाड्याने घ्यावे आणि तेथेच परत करावे. त्यावरून आई-वडिलांना रोज एक ठरलेला संदेश जाईल अशी व्यवस्था ठेवावी. उन्हाळ्यात पुण्याची वेळ तेथून साडेतेरा तास पुढे असते, म्हणजे तेथे रात्री आठला पाठवलेला संदेश घरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पोहोचतो. एखाद्या दिवशी संदेश आला नाही तर किती तास थांबायचे आणि मग उद्यानाच्या कोणत्या क्रमांकावर कळवायचे, हे कागदावर लिहून घरी द्यावे. त्याखेरीज जवळच्या बोटींशी बोलण्यासाठी पाण्यात भिजले तरी चालणारा सागरी व्हीएचएफ रेडिओ हवा; संकटाची हाक 16 क्रमांकाच्या चॅनेलवर द्यायची असते. चढ्या डोंगरांमुळे रेडिओ सर्वत्र पोहोचत नाही, म्हणून ही दोन्ही साधने लागतात.

स्टोव्हचे गॅस सिलिंडर आणि अस्वलासाठीचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही. दोन्ही वस्तू उद्यानाजवळच्या गस्टाव्हस गावात घ्याव्या लागतात.

जूनो ते बार्टलेट कोव्ह

जूनो ही अलास्काची राजधानी असली तरी तेथे बाहेरून येणारा रस्ता नाही. सिअॅटलहून विमानाने जावे लागते. जूनोहून गस्टाव्हस हे गाव लहान विमानाने अर्ध्या तासावर आहे आणि ठरावीक दिवशी फेरीबोटही जाते. गस्टाव्हसपासून बार्टलेट कोव्ह सोळा किलोमीटरवर आहे. तेथे उद्यानाचे मुख्यालय, तंबूंची जागा आणि कयाक भाड्याने देणारे आहेत. कयाकची नोंदणी हिवाळ्यातच करावी. उन्हाळ्यात मुक्कामाचा परवाना घेणे आणि त्याआधीचे माहितीसत्र ऐकणे बंधनकारक असते. कोणते किनारे अस्वलांमुळे किंवा पक्ष्यांच्या विणीमुळे बंद आहेत हे त्या सत्रातच कळते, म्हणून आपला नकाशा पुढ्यात ठेवून त्यावर खुणा कराव्यात आणि मनात आलेला प्रत्येक प्रश्न विचारावा.

पहिला दिवस तेथेच राखून ठेवावा. ड्राय सूट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरावे, एकदा मुद्दाम उलटून पाहावे आणि मगच पुढे निघावे.

मार्ग

हिमनद्या खाडीच्या वरच्या टोकाला, बार्टलेट कोव्हपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. तेथपर्यंत वल्हवत जाण्याऐवजी उन्हाळ्यात रोज सुटणारी पर्यटक बोट कयाक आणि माणसांना ठरलेल्या किनाऱ्यांवर उतरवते आणि परतही आणते. पश्चिम शाखेत रीड, लॅम्प्लू आणि मार्जरी या प्रसिद्ध हिमनद्या आहेत, परंतु मोठी प्रवासी जहाजेही तेथेच येतात. पूर्व शाखेत, म्हणजे म्यूर इनलेटमध्ये, शांतता अधिक आहे. म्यूर हिमनदी आता मागे हटून जमिनीवर गेली आहे, पण मॅकब्राइड हिमनदीचे हिमनग अजूनही पाण्यात तरंगताना दिसतात. निवांतपणाला महत्त्व देणाऱ्या जोडप्याने पूर्व शाखा निवडावी, असे मी सुचवेन.

पाण्याचा अनुभव कमी असेल तर बार्टलेट कोव्हला लागून असलेली बिअर्ड्सली बेटे पुरेशी आहेत. तेथे हिमनदी नाही, पण सील, गरुड आणि दाट अरण्य आहे. त्या बेटांकडे जाणारी अरुंद वाट ओहोटीला कोरडी पडते, म्हणून भरतीच्या आसपासच निघावे लागते. बर्फाचे ओझे उतरल्याने येथील जमीन दरवर्षी काही सेंटिमीटर वर येत आहे, त्यामुळे जुन्या नकाशावरील खोलीवर भरवसा ठेवू नये. सिटाकाडे अरुंदीतील प्रवाह कयाकच्या वेगापेक्षा जोरदार असू शकतो, ती टाळावी.

भरती-ओहोटीवर बांधलेला दिवस

येथे भरती आणि ओहोटीतील अंतर उधाणाच्या दिवशी साडेसात मीटरपर्यंत जाते. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. म्हणजे मधल्या दोन तासांत सुमारे पावणेचार मीटर पाणी वाढते. उतार मंद असेल तर ते किनाऱ्यावर झपाट्याने पसरते आणि दगडावर ठेवलेले बूट पाहता पाहता तरंगू लागतात.

सामान भरलेली दुहेरी कयाक दोघांना उचलत नाही. ओहोटीला किनाऱ्यावर उतरलात, तर शेवाळलेल्या गोल दगडांवरून सर्व पिशव्या आणि नंतर रिकामी कयाक शेकडो पावले वर न्यावी लागते, आणि पाय मुरगळण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक असते. म्हणून शक्यतो भरतीच्या आगेमागे उतरावे आणि भरतीच्या आगेमागेच निघावे. ते जमत नसेल तर चढत्या पाण्यात उतरून, एकाने कयाक हाताने धरून पाण्यासोबत वर आणावी आणि दुसऱ्याने पिशव्या वाहाव्यात. कयाक एकटी सोडून दोघांनीही सामान घेऊन जाऊ नये. रात्री ती तंबूच्या उंचीपर्यंत वर आणून झाडाला किंवा मोठ्या शिळेला दोरीने बांधावी. ती वाहून गेली तर त्या किनाऱ्यावरून पायी बाहेर पडण्याचा मार्ग नसतो.

भरती-ओहोटीचा तक्ता वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. आकडे फुटांत असतात, आणि काही तक्ते उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची तेथील पद्धत) धरत नाहीत, त्यामुळे एक तास मिळवावा लागतो का ते पाहावे. तंबूची जागा ठरवताना वाळलेल्या शेवाळाची वरची रेघ शोधावी, पण तेवढ्यावर थांबू नये. येथे दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि उधाण जवळ येत असेल तर आजची भरती कालच्या रेघेच्या वर जाते. दोघांनी तक्ता स्वतंत्रपणे वाचावा आणि रात्रीच्या भरतीचा आकडा एकमेकांना सांगावा. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पाहावे.

प्रवास शक्यतो सकाळी उरकावा. दुपारी खाडीत वारा वाढतो आणि हिमनद्यांवरून थंड, जड हवा खाली घसरत येते. खाडी आडवी ओलांडताना किनारा दूर असतो, म्हणून शांत पाण्यातच आणि सर्वांत अरुंद जागी ओलांडावे.

स्वयंपाक, तंबू आणि अस्वल

तपकिरी आणि काळी, दोन्ही जातींची अस्वले किनाऱ्यावर फिरतात. स्वयंपाक आणि जेवण पाण्यालगतच्या, भरतीत बुडणाऱ्या पट्ट्यातच करावे, म्हणजे सांडलेले शीत आणि फोडणीचा वास पुढची भरती धुऊन नेते. हिंग-मोहरीची खमंग फोडणी पुण्यात ठेवून यावी, हे माझे स्पष्ट मत आहे; मिश्रणात आधीच परतलेले मसाले पुरतात. तंबू स्वयंपाकाच्या जागेपासून किमान शंभर मीटर दूर असावा आणि अन्नाचे डबे दोन्हींपासून वेगळ्या जागी ठेवावेत. ज्या कपड्यांत जेवलात त्या कपड्यांत झोपू नये. शौचाला त्याच भरतीच्या पट्ट्यात जाण्याची तेथील पद्धत आहे, आणि कागद पिशवीत भरून परत आणायचा असतो.

उतरल्यावर लगेच सामान काढू नये. दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत, किनाऱ्याची दोन्ही टोके आणि झाडोऱ्याची कड पाहावी. ताजी विष्ठा, उकरलेली माती किंवा ओल्या वाळूत पंजे दिसले तर पुन्हा कयाकमध्ये बसावे, कितीही दमलेले असलात तरी. अस्वल दिसलेच तर पळू नये. एकमेकांना चिकटून उभे राहावे, शांत आवाजात बोलत राहावे आणि फवारा हातात तयार ठेवावा. तो सॅकमध्ये असून उपयोग नाही, लाइफ जॅकेटला अडकवलेला हवा.

हिमनदीसमोर

समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीचा कडा केव्हा कोसळेल हे कोणालाच सांगता येत नाही. कोसळलेल्या बर्फाने उठणारी लाट समोरच्या किनाऱ्यापर्यंत जाते, आणि पाण्याखालचा सुळका तुटून कड्यापासून बराच पुढे एकाएकी वर उसळू शकतो. किमान चारशे मीटर अंतर ठेवावे असे सांगितले जाते. दोघेच असाल तर मी आठशे मीटर धरतो. पाण्याखेरीज काही हालचाल नसलेल्या त्या दरीत प्रथम बर्फ कोसळताना दिसते आणि गडगडाट मागाहून कानावर येतो. लाट येताना दिसली तर कयाकचे टोक तिच्याकडे वळवून, उथळ किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहावे. अशा कड्यासमोर मुक्काम करायचा तर तंबू आणि कयाक दोन्ही भरतीच्या रेघेच्या बऱ्याच वर हवेत.

हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो आणि वितळता वितळता तो अचानक कलंडतो. फोटोसाठी त्याला हात लावायला जाऊ नये आणि त्यावर चढू तर मुळीच नये. वारा किंवा प्रवाह बदलला की विखुरलेले बर्फ एकत्र येऊन परतीची वाट बंद करू शकते, म्हणून दर काही मिनिटांनी मागे वळून पाहण्याचे काम मागच्या आसनावरील व्यक्तीने करावे. बर्फावर विसावलेल्या सील आणि त्यांच्या पिल्लांना पाहून वल्हवणे थांबवावे. आपल्यामुळे त्यांनी पाण्यात उडी मारली तर पिल्लू आईपासून दुरावू शकते. जॉन्स हॉपकिन्स इनलेट याच कारणासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंद ठेवतात. हंपबॅक देवमासा दिसला तर त्याच्या मार्गातून बाजूला व्हावे आणि कयाकवर हलकेच वल्हे आपटत राहावे, म्हणजे आपण कोठे आहोत ते त्याला कळते.

परतीचे दिवस

बोट ज्या किनाऱ्यावरून परत नेणार आहे तेथे आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोहोचावे, कारण बोट ठरल्या वेळी येते आणि थांबत नाही. सकाळी सामान बांधून, कयाक रिकामी करून, किनाऱ्यावर उभे राहावे. बार्टलेट कोव्हला आल्यावर परत आल्याची नोंद करावी, डबे धुऊन द्यावेत आणि घरी कळवावे. गस्टाव्हसची लहान विमाने धुक्यामुळे रद्द होतात, म्हणून जूनोहून पुढच्या विमानाआधी किमान एक मोकळा दिवस ठेवावा. उरलेला गॅस आणि तिखट फवारा परतीच्या विमानातही चालत नाही. तंबूंच्या जागेवर नुकत्याच आलेल्या एखाद्या जोडप्याला तो देऊन टाकावा आणि सोबत आपल्या नकाशावरील मुक्कामांच्या खुणाही दाखवाव्यात.